भुट्ट्याची राखण

होळी होऊन गेल्यावरच्या एका सकाळी सत्यभामा मक्याला पाणी देत होती. वाफा भरत आला होता. तेवढ्यात पाटातलं पाणी एकाएकी बारीक झालं आणि मग थांबलंच. मोट कुठे अडकली म्हणून तिने मान वर केली, तर विहिरीच्या धावेवर बैलच नव्हते. हातातलं फावडं तिथेच टाकून ती बांधाकडे धावली. तिचा नवरा सूर्यभान जोडी गाडीला जुंपून गाडीचे दोर आवळत होता.

"बैल कुठं चालले?"

"अकोल्याले," तो वर न बघता म्हणाला. "अमरावतीच्या शेटजीचे कापसाचे डोकडे पोचवाचे हायेत. त्याले गाड्याच भेटून नाई राहिल्या."

"अन् मोट?"

"राहू दे चार रोज."

"लाल्याचा खांदा सुजून आला हाये. हात लावू देत नाई तो. त्याले जू सोसणार नाई."

"तेल लावलं ना त्याले."

"मका वाळन!"

"वाळला तं वाळला!" सूर्यभानने दोर सोडला आणि तो सरळ उभा राहिला. "आख्खं वऱ्हाड हालून राहिलं, अन् मी टिचभर मक्यापायी जोडी धावेवर फिरवत बसू? पाडव्याच्या आत येतो. चाल, सर बाजूले."

ती बाजूला झाली. लाल्या मान वाकडी करून चालत होता. पाखऱ्या, जोडीतला दुसरा बैल, सवयीने विहिरीकडे वळू पाहत होता. गाडी रस्त्याला लागली आणि तिथल्या गाड्यांच्या रांगेत मिसळून गेली.

सूर्यभानचं शेत मुर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीरस्त्याला लागूनच होतं. त्या सालात तो रस्ता दिवसभर वाहत असे. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला आणि म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, एवढंच गावाला ठाऊक होतं. लोकांनी ज्वारी मोडून कपाशी लावली, तूर मोडून कपाशी लावली. ज्याच्या अंगणात जागा होती त्याने तिथेही चार झाडं टोचली. सूर्यभानने सगळं काळं रान कपाशीला दिलं होतं. सत्यभामेने भांडून, दोन दिवस अबोला धरून, विहिरीजवळचा एक तुकडा तेवढा राखला आणि माघ महिन्यात त्यात मका टोचला.

हा मका तिच्या माहेरचा होता. तिचं माहेर चिखलदऱ्याच्या पायथ्याशी. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी येताना आईने ओटीत तांदळाबरोबर त्याचे दाणे घातले होते. दाणा पांढरा, बुटका, आणि ओला असताना असा गोड की भाजलेला भुट्टा खाल्ल्यावर गुळाचा खडा फिका लागावा. दरसाल ती निवडक भुट्टे आढ्याला टांगून बियाला ठेवत असे. गेल्या साली ढोरं शिरली आणि पीक गेलं. आढ्यावर जुना एकच झुबका उरला होता, तो तिने सगळाच्या सगळा यंदा पेरला होता. आई आता नव्हती. भावाने तिकडेही कपाशी केली होती. हा मका वाळला असता तर ते बियाणं तिच्या माहितीत कुठेच राहिलं नसतं.

गाडी दिसेनाशी झाली तरी ती बांधावरच उभी होती. मग घरी गेली, घागर आणि दोर घेऊन परत आली आणि विहिरीतून हाताने पाणी शेंदायला लागली.

पाडवा आला आणि गेला. सूर्यभान आला नाही.

सत्यभामेचा पाय घरात ठरेना. भाकरी तव्यावर टाकली की तिला वाटे, वाफ्यात पाणी फुटलं असेल. वाफ्यात उभी असली की वाटे, रस्त्यावरून त्यांची गाडी निघून तर नाही ना गेली. दिवसभर ती घर आणि शेत, शेत आणि घर करत राही. दोराने तळहात सोलवटून निघाले. सासू पार्वताबाई म्हातारी झाली होती, तरी घागरीला हात लावायला येई. चार घागरी झाल्या की ती मटकन खाली बसे.

"असं टिपूस टिपूस पाणी देऊन मका जगते काय वं?" ती म्हणाली. "तू मरशीन अन् तोबी मरन."

"मंग काय करू, आत्याबाई? पाहत बसू?"

मक्याची पानं दुपारी सुरळीसारखी वळत होती आणि संध्याकाळीही ती पुरती उघडत नव्हती. काही ताटांना तुरे डोकावू लागले होते. आता पाणी चुकलं तर भुट्ट्यात दाणा भरणार नव्हता.

शेजारच्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधापलीकडे, शेषरावचं शेत होतं. त्याचे दोन धष्टपुष्ट हेले, म्हणजे रेडे, दिवसभर कोरड्या नाल्यातल्या डबक्यात लोळत असत. बैल सगळे रस्त्यावर होते, पण हेल्याला उन्हात लांबची वाट सोसत नाही. म्हणून कोणी शेटजी त्यांना विचारत नव्हता. सत्यभामा रोज ते हेले पाही आणि रोज तोंड फिरवी. दोन वर्षांपूर्वी धुऱ्यावरची बाभूळ कोणाची यावरून सूर्यभान आणि शेषराव यांची जुंपली होती. बाभूळ शेवटी कोणीच तोडली नाही, पण बोलणं तुटलं ते तुटलंच. तेव्हापासून या घरातलं कोणी त्या घराची पायरी चढलं नव्हतं.

एका सकाळी ती हातातली घागर विहिरीवर ठेवून, पदर खोचून, थेट शेषरावच्या दारात जाऊन उभी राहिली. समोरच्या ओट्यावरच्या बायांनी दळण थांबवलं.

शेषराव ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होता. तिला पाहून त्याचे हात थांबले. "सूर्यभाननं पाठवलं काय?"

"नाई. ते गावात नाईत. मीच आली."

"काहून?"

"तुमचे हेले रिकामे हायेत, भाऊजी. अन् माही मोट रिकामी हाये."

"हेले रिकामे नाईत, उपाशी हायेत," शेषराव म्हणाला. "सगळ्यायनं कपाशी पेरली. गावात कडब्याची एक पेंढी असन तं दाखव. ढोरायनं काय कपाशीच्या पऱ्हाट्या खाव्या?"

हे सत्यभामेने वाटेत येता येता योजूनच ठेवलं होतं. "मक्याचे धांडे तुमचे. पार बुडापासून, हिरवेगार. भुट्टे तेवढे माहे."

शेषरावने दोराला एक पीळ दिला. "अन् सूर्यभान आला, त्यानं माहे हेले हाकलले, तं?"

"तवाचं तवा पाहू."

"तुले लयच घाई हाये."

"मले नाई, मक्याले हाये. तुरे येऊन राहिले."

शेषरावने दोर खुंटीला अडकवला. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना मोटेचं चाक कुरकुरलं. सत्यभामा पळत गेली, तर हेले धावेवरून पाय रोवत खाली उतरत होते आणि थारोळ्यात मोट धबाधबा रिती होत होती. ऊन चढायला लागलं तसे त्याने हेले सोडले आणि डबक्याकडे नेले. असं रोज चाललं. आठवडाभरात मक्याने अंग धरलं. तुरे सगळीकडे फुटले, ताटांच्या कुशीतून भुट्टे निघाले आणि त्यांच्या तोंडाशी रेशमासारखे तांबूस केस लोंबू लागले.

मग दुसरीच धावपळ सुरू झाली. आसमंतात एवढं एकच हिरवं रान होतं, तेव्हा साऱ्या पाखरांचा डोळा त्याच्यावर. सकाळी राघूंचे थवे उतरत. चोचीने सालपट फाडून चार दाणे खात आणि बाकी नासवून पुढच्या भुट्ट्यावर जात. दुपारी नाल्याकडून वानरं येत. सत्यभामेने विहिरीजवळ चार बल्ल्या रोवून मचाण बांधलं आणि गोफण घेऊन ती दिवसभर वर उभी राहायला लागली. उभी म्हणजे काय, ती एका जागी थांबतच नसे. या टोकाला जाऊन दगड भिरकावी, त्या टोकाला जाऊन थाळी बडवी, आणि मधल्या वेळात रस्त्याकडे डोळ्यांवर हात धरून पाही. एखादी गाडी जरा ओळखीची वाटली की ती मचाणावरून अर्धी खाली उतरे. बैल जवळ आले की ते दुसऱ्याच कोणाचे निघत. तिने कितीतरी गाडीवानांना विचारलं. कोणी म्हणे, तो पुढे खामगावला गेला. कोणी म्हणे, गेला असेल आगगाडीच्या कामावर. एकाने हसून सांगितलं, "माय, या साली कोण कुठं गेला याचा हिसाब कोणी ठेवून नाई राहिलं."

बियासाठी तिने मधल्या ओळीतले चांगले भरदार भुट्टे हेरून ठेवले होते. प्रत्येकाच्या देठाला तिने जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधली होती. ते हिरवे तोडायचे नव्हते, ताटावरच वाळू द्यायचे होते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आसपासची दुपार. रस्त्यावर रिकाम्या गाड्यांचा तांडा थांबलेला दिसला. गाडीवान झाडाच्या सावलीला बैल सोडत होते. तेवढ्यात मधल्या ओळीतली ताटं जोरात हलली. सत्यभामेला वाटलं, वानरं. तिने गोफणीत दगड घातला, डोक्याभोवती दोन फेरे फिरवला आणि सोडला.

ओरडला तो माणूस होता.

ती मचाणावरून कशी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. ताटं बाजूला सारत पोचली तर एक तरणा गडी ओळीत बसला होता. कानशिलाच्या वर जखम होऊन रक्त गालावरून गळ्यापर्यंत आलं होतं. मांडीवर पाचसहा भुट्टे होते, त्यातल्या तीन भुट्ट्यांना तांबड्या चिंध्या. आणि रक्त वाहत असतानाही तो हातातला कच्चा भुट्टा दातांनी ओरबाडत होता. तिच्याकडे बघत तो चावत होता.

"आगी लागो तुह्या हाताले!" सत्यभामा किंचाळली. "बियाचे भुट्टे तोडले! चिंधी दिसली नाई तुले?"

तो गिळून म्हणाला, "दिसली नाई. काहीच दिसून नाई राहिलं, माय. अकोल्यापासून फुटाण्यावर हाओ. वाटंत पैसा दाखवला तरी कोणी भाकर देत नाई. जवारीच नाई म्हणतेत."

एवढं बोलून तो आडवा झाला.

तांड्यातले गाडीवान धावत आले. "बाईनं माणूस मारला!" एक जण ओरडला. दुसऱ्याने हातातली बैल हाकायची आर वर केली. पण सत्यभामा त्या पोराजवळून हलली नाही. पदराचं टोक फाडून तिने जखमेवर दाबून धरलं होतं. आरडाओरडा ऐकून डबक्यावरून शेषराव आला. त्याने वाकून जखम पाहिली.

"मेला नाई," तो म्हणाला. "दगड घसरून गेला. अन् तुमी काहून बोंबलून राहिले रे? तो हिच्या मक्यात शिरला, ही त्याच्या गाडीत नव्हती शिरली."

गाडीवान जरा नरमले. पार्वताबाई घरून हळद घेऊन आली. जखम बांधून झाली तेव्हा सत्यभामेने सगळ्यांकडे पाहिलं. तोंडं वाळलेली, ओठांवर धुळीची पुटं. ती काही न बोलता कडेच्या ओळीत गेली, ओटीभर भुट्टे तोडून आणले आणि काटक्या पेटवल्या. सालपटासकट निखाऱ्यावर टाकलेले भुट्टे तडतडायला लागले.

"खा," ती म्हणाली. "पण एक आयका. ज्याले पाह्यजे त्यानं रस्त्यावरून हाक मारावी. मागून घ्या, तोडून नको. आत पाय टाकला तं गोफण हाये."

खाऊन झाल्यावर एकाने मिठाची पुरचुंडी पुढे केली, कोणी चिलमीचा तंबाखू म्हातारीपुढे ठेवला, कोणी पैसा. जखमी पोराचं नाव देवीदास होतं. त्याला उभं राहिलं की घेरी येत होती. तांडा थांबणं शक्य नव्हतं. त्याची गाडी दुसऱ्याने हाकायची आणि अमरावतीहून माल भरून परत येताना याला घेऊन जायचं, असं ठरवून गाड्या निघून गेल्या.

देवीदास विहिरीजवळच्या आंब्याखाली पडून राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो थाळी बडवायला लागला, तिसऱ्या दिवशी मचाणावर चढला.

रस्त्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. मुर्तिजापूरच्या अलीकडे एक बाई भाजलेले भुट्टे देते, पण शेतात पाय टाकला तर डोकं फोडते, हे सगळ्या गाडीवानांना कळलं. लांबूनच हाका यायच्या, "माय, भुट्टे हायेत काय?" एकदा अमरावतीच्या कोण्या वकिलाची दमणी, म्हणजे पडदे लावलेली हलकी बैलगाडी, थांबली. आतून बाईसाहेबांनी हात बाहेर काढून भुट्टा घेतला, साल जरा सोलून दाण्यात नख रुतवलं. दूध उडून त्यांच्या बांगडीवर पडलं.

"वा! बरे मिळाले या दिवसांत. दे डझनभर, घरी नेऊन उकडीन म्हणते."

"नेऊ नका, बाई," सत्यभामा म्हणाली. "घर येईस्तोवर गोडी उतरन. तोडल्यापासून ती उतरतच राहते. खायाचा तं आत्ता खा, इथं."

"रस्त्यात? चारचौघांसमोर?"

सत्यभामेने निखाऱ्यावरचा भुट्टा मीठ चोळून पुढे केला. बाईसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. दमणी बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग पडद्यातून हात परत बाहेर आला, आणखी एकासाठी.

गावात मात्र वेगळीच कुजबुज होती. नवरा परागंदा, शेतात परका तरणा गडी, आणि मोटेवर नवऱ्याचा वैरी. पाणवठ्यावर ती गेली की बाया गप्प होत. पार्वताबाईच्या कानावर ते आलं तेव्हा ती घोंगडी उचलून शेतात राहायलाच आली. "आता बोला म्हणा," ती म्हणाली. "मी बसली हाओ मधात."

एका सकाळी हेले मोट ओढत होते, देवीदास आंब्याला टेकून त्यांच्याकडे बघत होता. सहज बोलावं तसं तो म्हणाला, "तुमच्याकडचे बैल कुठं गेले, माय? अकोल्याले एक जण हाये, त्याच्यापाशी नुसता एक बैल हाये. रोज सकाळी त्याले मोर्णा नदीवर पाणी पाजाले नेते. अन् त्याच्याशीच बोलत राहते, माणसायशी नाई. त्याचा जोडीचा बैल वाटंत मेला म्हणे. पाखऱ्या, पाखऱ्या करते त्याले."

सत्यभामेच्या हातातलं फावडं थांबलं. पाटाचं पाणी वाफा सोडून भलतीकडे वाहायला लागलं, तरी ती तशीच उभी.

"काय करते तो?" पार्वताबाईने विचारलं.

"कापसाच्या वखारीत हमाली करते. दुसरा बैल घेतल्याबिगर घरी जात नाई म्हणते. बायकोनं म्हणे सांगतलं होतं त्याले, याचा खांदा आला हाये, नेऊ नको."

पार्वताबाईने तोंडाला पदर लावला. सत्यभामेने वाकून पाण्याला आधी बांध घातला, ते परत वाफ्यात वळवलं. त्यानंतर दिवसभर ती मचाणावरच होती. राघू आले तर तिने दगड मारले नाहीत, आणि नाही आले तेव्हा उगीच दोन मारले.

दोन दिवसांनी तांडा डोकडे, म्हणजे कापसाचे गठ्ठे, भरून अमरावतीहून परत आला. देवीदास जायला निघाला. बियाचे भुट्टे अजून पुरते वाळले नव्हते. सालपटं पिवळी पडत होती, आतला दाणा अजून दबत होता. सत्यभामा मधल्या ओळीत गेली, बाहेर आली, परत गेली. शेवटी ती शेषरावसमोर येऊन उभी राहिली. तो हेल्यांच्या मानेवरचं जू उतरवत होता.

"भाऊजी, मी अन् आत्याबाई अकोल्याले जाऊन येतो. त्याईले आणतो."

"जाय," शेषराव म्हणाला.

"चिंधीवाले भुट्टे तेवढे..." ज्याच्या घरचं पाणीही आपल्या नवऱ्याने वर्ज्य केलं, त्याच्या हाती ती सगळं ठेवून चालली होती. त्याने ठरवलं असतं तर एका दिवसात धांडे कापून हेल्यांना घातले असते.

"पाहीन म्या," तो म्हणाला. "आता निघ, नाई तं इथंच उभी राहशीन."

दोघी सासू-सुना देवीदासच्या गाडीत डोकड्यांवर बसल्या. वाटभर सत्यभामेला एकच दिसत होतं, नाल्याकडून वर येणारी वानरं. आणि वानरं दिसेनाशी झाली की सूर्यभान दिसे, आणि मग तिला इतका राग येई की आपण त्याला आणायला चाललो की भांडायला, तेच तिला कळेना.

अकोल्याच्या वखारीत कापसाचे डोंगर लागले होते. हवेत तूस उडत होतं, माणसं तोंडाला फडकी बांधून पळत होती. देवीदासने बोट दाखवलं. पाठीवर डोकडा घेतलेला, वाकलेला, भुवयांवर पांढरं तूस बसलेला एक माणूस त्यांच्याच दिशेने येत होता. त्याने आधी आईला पाहिलं, मग बायकोला. त्याने डोकडा खाली टाकला.

"लाल्या गेला," तो म्हणाला.

"माईत हाये."

"बोरगावच्या अलीकडे बसला तो उठलाच नाई. तू सांगतलं होतं."

"सांगतलं होतं."

"मंग आता बोल काय बोलाचं ते."

वाटेत तिने पुष्कळ बोलून ठेवलं होतं. "भुट्टे पिकून राहिले," ती म्हणाली. "घरी चाला."

"कोण्या तोंडानं येऊ?"

"हेच घेऊन ये," पार्वताबाई म्हणाली. "दुसरं कुठून आणशीन?"

सूर्यभानने डोळ्यांवरचं तूस पुसलं. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. "मका जगला? पाणी कोणाच्या जोडीनं दिलं?"

"शेषराव भाऊजीच्या हेल्यानं."

त्याचा चेहरा एकदम बदलला. "त्याच्या दारात गेली तू?"

"गेली."

"माह्या माघारी? त्याच्या?" त्याने वाकून डोकडा परत उचलला. "मंग त्याच्याच मोटेवर राहा. मी बैल घेतल्याबिगर येत नसतो."

तो वखारीच्या आत चालता झाला. पार्वताबाई हाका मारत राहिली. सत्यभामेने हाक मारली नाही. ती वखारीच्या मागे गेली. तिथे लिंबाखाली पाखऱ्या बांधलेला होता, पाठीची हाडं वर आलेली. तिला पाहताच त्याने कान टवकारले आणि दावं ओढून हंबरला. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो हात तिला काढवेना. मग तिने दावं सोडलं आणि बैल घेऊन ती फाटकातून बाहेर, रस्त्यावर निघाली.

"ओ बाई! बैल कोणाचा?" वखारीचा पहारेकरी ओरडला.

"माहा!" ती म्हणाली, आणि थांबली नाही.

गावाबाहेर पोचेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मोर्णेच्या पात्रात पाखऱ्या पाणी प्यायला थांबला, तेव्हा मागून धापा टाकत सूर्यभान आला. त्याच्या अंगावर बंडीही नव्हती.

"काय चाललं हाये हे?"

"बैल घरी नेऊन राहिली. त्याले घर पाह्यजे. तुमाले याचं असन तं या, नाई तं वखार हाये."

पाखऱ्याने पिऊन मान वर केली आणि ओलं तोंड त्याच्या खांद्याला पुसलं. सूर्यभान पाण्यातच खाली बसला आणि रडायला लागला. सत्यभामा त्याच्याकडे न बघता दावं धरून उभी राहिली, कारण बघितलं असतं तर तीही बसली असती.

सूर्यभानची गाडी आपल्या रिकाम्या गाडीमागे बांधून आणि पार्वताबाईला घेऊन देवीदासने त्यांना नदीवर गाठलं, आणि सगळे गाडीत बसून निघाले. पाखऱ्या मागून चालत होता. परतीच्या वाटेवर सत्यभामेला धीर धरवेना. शेवटच्या वळणावर ती चालत्या गाडीतून उतरली आणि पुढे पळत सुटली.

मचाणावर शेषराव होता. डोक्याला मुंडासं नाही, हातात गोफण, डोळे तांबारलेले. नाल्याकडचा एक कोपरा पार उद्ध्वस्त झाला होता. ताटं मोडलेली, कुरतडलेले भुट्टे पसरलेले.

"वानरं आली होती," तो वरूनच म्हणाला. "मी मोटेवर होतो. तेवढ्यात घात केला."

ती मधल्या ओळीत शिरली. तांबड्या चिंध्यांचे भुट्टे जागच्या जागी होते. प्रत्येकाचं सालपट वर ओढून अंबाडीच्या वाखाने घट्ट आवळून बांधलं होतं, राघूची चोच शिरू नये म्हणून. तिने एक सोडून पाहिला. दाणा टणक झाला होता.

तोवर सूर्यभान बांधावर पोचला होता. शेषराव मचाणावरून उतरला. दोघे समोरासमोर उभे राहिले.

"बैल गेला म्हणे," शेषराव म्हणाला.

"गेला."

"चांगला होता."

"माह्याच चुकीनं गेला," सूर्यभान म्हणाला. मग मान खाली घालून, "तू मका जगवला."

"मले धांडे पाह्यजे होते," शेषराव म्हणाला. "पावसाळ्यात एक हेला घेऊन जाजो. जमला पाखऱ्याच्या जोडीले तं जमला."

"हेल्याची न बैलाची जोड कवा जमली हाये काय, बापा?" पार्वताबाई गाडीतून उतरता उतरता म्हणाली.

"नाई जमत, काकू. एक पाण्याकडं ओढते, एक उन्हाकडं. पण नांगर तं चालते कसातरी."

त्या दुपारी सत्यभामेने उरलेल्या हिरव्या ताटांमधले भुट्टे भाजले. सगळ्यांनी आंब्याखाली बसून खाल्ले. देवीदास दोन सोबत बांधून घेत होता, तर पार्वताबाईने त्याला तिथेच खायला लावले. गाड्या अमरावतीकडे निघून गेल्या. सूर्यभानने गोफण उचलली, मचाणावर चढला आणि म्हणाला, "तू घरी जाय. झोप जराशी. मी हाओ."

ती घरी गेली. सासूने घोंगडी अंथरली. ती आडवी झाली, डोळे मिटले. रस्त्यावरून गाड्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता, एका मागून एक, अकोल्याच्या दिशेने. ती या कुशीवरून त्या कुशीवर झाली. मग उठून बसली आणि पदर खोचायला लागली.

"आता कुठं चालली वं?" पार्वताबाईने विचारलं. "तो हाये ना तिथं!"

"हाये," सत्यभामा म्हणाली. "हाये काय, तेच पाहून येतो."